मासळीची ताटली, ठिकाण अज्ञात

मोंतेक्रेता गावात माणसाचं कागदावरचं नाव उपयोगी पडतं ते बाप्तिस्म्याला आणि पेन्शनला. एरवी त्याला घराण्याचं टोपणनाव असतं आणि गावाच्या लेखी तेच खरं. चेंझाचं घराणं 'कांदेखाऊ'. तिच्या पणजोबांच्या लग्नात नवरीला यायला उशीर झाला, तेव्हा भुकेने कासावीस झालेल्या नवरदेवाने शेजारच्या वाफ्यातले कांदे उपटून कचाकचा खाल्ले. नवरीने चर्चच्या दारातच नाकाला रुमाल लावला आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं बारसं तिथेच उरकलं गेलं. मेल्यावरसुद्धा ही नावं सुटत नाहीत. गावात कोणी गेलं की भिंतींवर काळ्या चौकटीचा कागद लागतो. त्यावर नुसतं नाव-आडनाव असेल तर लोक खांदे उडवून पुढे जातात, खाली 'कांदेखाऊ' दिसलं की टोपी काढतात.

अशा गावात साठी गाठलेल्या बाईने संग्रहालयातली नवी पाटी वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, यात नवल काही नव्हतं.

चेंझा गावच्या संग्रहालयात कामाला होती. दारं उघडायची, तिकिटं फाडायची, काचा पुसायच्या, शाळेच्या सहलीतल्या पोरांना काचांना नाक लावू द्यायचं नाही. त्या सोमवारी ती मधल्या दालनात शिरली तर नव्या कपाटात नवी ताटली. काळी, जेवणाच्या ताटाएवढी, कडा खाली झुकलेली. मधोमध रश्शासाठी असावा तसा वाटोळा खळगा आणि त्याच्याभोवती फेर धरल्यासारखे दोन मासे नि लांब भुजांचा एक माकूळ. माकूळचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. काठाचा एक टवका उडालेला. खाली पाटी: 'मासळीची ताटली. ग्रुंडमान चित्रकार. इसवी सनापूर्वीचं चौथं शतक. प्राप्तिस्थान अज्ञात.'

चेंझाच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती ताटली तिने पूर्वी एकदा पाहिली होती. पण ते नंतर. आधी ती तडक डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली.

डॉक्टर एल्विरा क्वारांता संग्रहालयाच्या प्रमुख होत्या. बारी शहरातून आलेल्या, चाळिशीच्या, मनाने चांगल्या. खापरांच्या ढिगासमोर बसल्या की जेवणखाण विसरायच्या.

"डॉक्टरबाई, हा ग्रुंडमान कोण?"

"झुरिकचे मोठे संग्राहक होते. औषधांचा कारखाना होता त्यांचा. वारले आता. त्यांच्या घरच्यांनी ताटली परत दिली. एवढा खटला चालला, तुम्हाला ठाऊक आहे की."

"म्हणजे ताटली त्याने रंगवली नाही."

"छे हो! रंगवणारा आपल्याच बाजूचा. मासे बघितलेत? पोटं आतल्या बाजूला, खळग्याकडे. अथेन्सवाले पोटं बाहेर, काठाकडे काढायचे. तेवढ्यावरूनच पहिली वाटणी होते: पोट बाहेर असेल तर तिकडची, पोट आत तर आपली. मग कल्ले बघायचे, पाठीवरची पांढरी रेघ बघायची, ठिपके कसे टेकवलेत ते बघायचं. ज्यांचा हात एक, त्या ताटल्या एका माणसाच्या. त्या माणसाचं नाव तर कोणालाच माहीत नाही. मग त्याची सगळ्यात चांगली ताटली ज्या संग्रहात असेल, त्याचं नाव द्यायचं."

"म्हणजे चितारली आमच्या माणसाने, आणि नाव चोरीचा माल घेणाऱ्याचं?"

"चेंझाबाई, ती नुसती खूण आहे. जगभरच्या पुस्तकांत तो ग्रुंडमान चित्रकार म्हणूनच ओळखला जातो. मी इथे दुसरं काही लिहिलं तर कोणाला काही कळायचं नाही. याच हाताच्या बावीस ताटल्या आहेत. शिवाय काही 'ग्रुंडमान चित्रकाराच्या जवळच्या' आहेत, काही 'ग्रुंडमान चित्रकाराच्या पद्धतीच्या'..."

"वा! म्हणजे त्या बिचाऱ्याचे भाऊबंद, त्याची शागीर्द पोरं, सगळी ग्रुंडमानच्याच घरात दत्तक!"

डॉक्टरबाई हसल्या. चेंझा हसली नाही.

"आणि हे अज्ञात?"

डॉक्टरबाईंचं हसू मावळलं. "ती खरी हळहळ आहे हो. खणणाऱ्यांनी काढली, दलालाने विकली. कुठल्या थडग्यातून आली, शेजारी काय होतं, कोणाच्या उशाशी ठेवली होती, सगळं गेलं. जागा हातची गेली की आमच्याकडे फक्त हात उरतो. म्हणून तर हे कल्ले नि ठिपके मोजत बसतो आम्ही."

चेंझा तिथून निघाली. फडकं उचलून ती परत काच पुसायला गेली आणि त्या दिवशी तिने ती काच इतकी घासली की पहारेकरी म्हणाला, "मावशी, भोक पाडता का काय!"

ताटली कुठून आली हे चेंझाला माहीत होतं. सान्त एलियाच्या चर्चखाली त्यांचं रान होतं, तिथल्या बदामाच्या झाडांखालून. ती साविनोने काढली होती, तिच्या थोरल्या भावाने.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षांत निम्मं गाव लोखंडी सळया घेऊन रानात हिंडायचं. सळई जमिनीत खुपसायची, पोकळ लागली की खाली प्राचीन थडगं. रात्रीत एवढं मिळायचं की बदामाची तीन पिकं झक मारतील. साविनो एकवीस वर्षांचा होता, त्याला लग्न करायचं होतं आणि बाप रानाची वाटणी करून देत नव्हता. तो दोन मित्रांना घेऊन बापाच्याच रानात उतरला. ताटली त्याने खालून वर दिली. आणखी काहीतरी आहे म्हणून परत वळला, आणि वरचं छत त्याच्या अंगावर बसलं. मित्रांनी हातांनी माती उकरली, मग घाबरले, मग उजाडायला लागलं. ते कांदेखाऊंच्या स्वयंपाकघरात आले आणि टेबलावर ताटली ठेवली. ती साविनोच्या स्वेटरात गुंडाळलेली होती, साविनो नव्हता.

चेंझा तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने तो टवका पाहिला, माकूळचा मोठा डोळा पाहिला, आणि आईचं तोंड पाहिलं.

बापाने निर्णय घेतला. त्या निर्णयाचा राग चेंझाने त्याच्या मरणापर्यंत, आणि त्यानंतरही, मनात जपून ठेवला. रान आपलं, खड्डा आपला, पोलीस आले तर रान जाईल आणि आपण तुरुंगात. "तो मातीत आहेच," बाप म्हणाला. "पाद्रीबुवाने तरी कुठे ठेवला असता?" त्याने खड्डा बुजवला आणि वरून नांगर फिरवला. गावात सांगितलं, साविनो जर्मनीला गेला, मोटारींच्या कारखान्यात. भिंतीवर कागद लागला नाही. घंटा वाजली नाही. ताटली मित्रांनी दलालाला दिली, आणि तिथून ती झुरिकला जाऊन ग्रुंडमान झाली. ज्याने काठ धरून ती उजेडात आणली त्याचं नाव कुठल्याच कागदावर चढलं नाही, आणि ज्याने धनादेश फाडला तो बावीस ताटल्यांचा बाप होऊन बसला. याला न्याय म्हणतात म्हणे.

बोलायचं तर आता कोणाची भीती होती? आईबाप गेले. मित्रांपैकी एक खरोखरच जर्मनीला गेला आणि तिकडेच मेला, दुसरा मोटारसायकलवरून पडून. उरली चेंझा. पण बोलायचं म्हणजे काय बोलायचं? माझा भाऊ थडगेचोर होता, माझ्या बापाने त्याच्यावरून नांगर फिरवला, आणि मी चोरांपासून खापरं राखायचा पगार खाते. 'कांदेखाऊ' हे नाव हसण्यावारी नेता येतं. 'थडगेचोर' चिकटलं की मेल्यावर भिंतीवरसुद्धा तेच.

तोवर पाटीची भानगड गावभर झाली होती, कारण चेंझा बाकी सगळं गिळून नावाबद्दल मात्र जिथे तिथे तोंड टाकत होती. ओरोंत्सोच्या बारमध्ये तर तिने कॉफीचा पेला असा आपटला की बशी तडकली.

"आपल्या गावचा माणूस, आणि त्याला स्विस नाव!"

"मग आपण ठेवू की," ओरोंत्सो काउंटर पुसत म्हणाला. त्याच्या घराण्याला 'अर्धाकोट' म्हणतात. कारण सांगितलं तर तो भांडतो. "काय करायचा तो? मासे काढायचा. 'मासेवाला' म्हणू."

"'मासेवाला' घराणं आपल्याकडे आहे आधीच. ते कोर्टात जातील," मागच्या टेबलावरून कोणीतरी म्हणालं.

"पोटं आत काढायचा ना? 'आतपोट्या' म्हणा."

"ए, तुझं पोट बघ आधी, मग दुसऱ्याचं काढ!"

"आणि तो माकूळ? त्याचा एक डोळा बटाट्याएवढा. माणूस बहुतेक पिऊन बसायचा कामाला. 'तिरळ्या' म्हणा."

'तिरळ्या' सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी मटणवाल्याकडे, तिसऱ्या दिवशी चर्चमध्ये, गाव त्याला तिरळ्याच म्हणायला लागलं. आपलाच कोणी तरी चुलत आजोबा असावा तसं. लोकांना वाटलं चेंझा आता खूश होईल. ती आणखीच धुमसायला लागली. मेलेल्या परक्याला चार दिवसांत घरचं नाव मिळालं, आणि घरचा पोरगा? त्याचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं. जर्मनीहून एक पत्र आलं नाही, एक फोटो आला नाही, सुट्टीत एकदा माणूस फिरकला नाही, आणि एवढ्या वर्षांत एकानेही विचारलं नाही, "काय गं चेंझा, साविनो कसा आहे?" याचा तिला राग होता की आधार, हे तिला स्वतःलाही धड सांगता आलं नसतं.

दालनाच्या उद्घाटनाला शनिवारी झुरिकहून अंद्रेआस ग्रुंडमान आला. म्हाताऱ्या ग्रुंडमानचा नातू, तागाच्या कोटातला, गोरापान, सौम्य. नगराध्यक्षांनी तिरंगी पट्टा घातला होता. ठाणेदार कडक गणवेशात कपाटाच्या बाजूला उभा होता. मागे अख्खं गाव, कारण फुकटात वाइन होती. चेंझा किल्ल्या घेऊन दाराशी.

न्यायालयात वर्षानुवर्षं भांडून, नाक दाबल्यावर तोंड उघडावं तशी ताटली परत दिली होती या लोकांनी. पण भाषणात तिची 'भेट' झाली. नगराध्यक्षांनी आभार मानले. मग नातू बोलला आणि डॉक्टरबाई एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगत गेल्या. आजोबांना कलेची ओढ होती. आजोबा ही ताटली रोज संध्याकाळी हातात घेऊन बसत. "माझ्या आजोबांनी," डॉक्टरबाईंनी सांगितलं, "ही ताटली नष्ट होण्यापासून वाचवली."

"कोणापासून?"

सगळे वळले. चेंझालाही आधी वाटलं, दुसरंच कोणीतरी बोललं.

"कोणापासून वाचवली, विचारा त्याला! दोन हजार वर्षं मातीत होती, एक टवका उडाला नव्हता. तो टवका कधी उडाला सांगू?"

"मावशी," नगराध्यक्ष दात ओठ खात म्हणाले, "नंतर."

"नंतरच आहे हे! एवढं नंतर झालंय की आणखी किती नंतर करू? अज्ञात म्हणे. कोणाला अज्ञात? सान्त एलियाखालचं आमचं रान, चर्चकडून खाली येताना बदामाची शेवटची ओळ. ती ताटली माझ्या भावाने काढली. साविनोने. स्वेटरात गुंडाळून आमच्या टेबलावर आली ती. आणि तो नाही आला. तो अजून तिथेच आहे." तिने ठाणेदाराकडे बघितलं. "लिहून घ्या की साहेब. चोर होता. मरून चोरी केली. याच्या आजोबाने जिवंतपणी केली, त्याचं नाव काचेत लावलंय."

नातू डॉक्टरबाईंकडे बघत होता, आणि डॉक्टरबाईंनी भाषांतर केलं नाही. मग मात्र केलं, हळू आवाजात, सगळंच्या सगळं. नातवाचे कान लाल झाले. तो काहीतरी पुटपुटला ते कोणी कोणाला सांगितलं नाही.

ठाणेदार कोवळ्या वयाचा माणूस होता, उत्तरेकडचा. त्याने टोपी काढली. "बाई," तो म्हणाला, "सोमवारी खणायला लागेल. तुम्ही जागा दाखवाल ना?"

"दाखवीन."

गर्दी पांगल्यावर डॉक्टरबाई कपाट उघडून उभ्या होत्या. पाटी त्यांच्या हातात होती.

"रानाचं नाव काय म्हणता तुमच्याकडे?"

"का? अज्ञात बरं दिसतंय की."

"चेंझाबाई, मला रागवा, पण सांगा."

"बदामतळ."

डॉक्टरबाईंनी पेनने 'अज्ञात' खोडलं आणि वर लिहिलं. मग त्यांचं पेन वरच्या ओळीवर थांबलं. "हे नाव मला आज बदलता येणार नाही. थडग्यात त्याच हाताचं आणखी काही निघालं, तर नाव बदलायला कारण मिळेल. खोटं सांगून तुम्हाला गप्प करायचं नाही मला."

"गप्प करायला आता उशीर झालाय," चेंझा म्हणाली, आणि किल्ल्या टेबलावर टाकून घरी गेली.

घरी आल्यावर तिने दार लावून घेतलं, कॉफी ठेवली, सकाळचा हरभऱ्याचा रस्सा गरम करायला ठेवला. गाव आता काय म्हणत असेल याचा हिशोब ती करत बसली. थडगेचोराची बहीण. बरं झालं. म्हणू देत.

दार वाजलं. बाहेर कोंचेत्ता होती, समोरच्या घरातली, 'घंटी' घराण्यातली, ऐंशी पार केलेली. काळं नेसलेली. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. तिच्यामागे अर्धाकोटाची बायको कॉफीची किटली घेऊन, आणि तिच्यामागे आणखी तिघी, सगळ्या काळ्यात, कोणाच्या हातात ब्रेड, कोणाच्या हातात वांगी. ज्या घरात माणूस जातं तिथे चूल पेटत नाही. शेजारी अन्न आणतात, मुकाट्याने ठेवतात आणि बसून राहतात. याला इकडे कोन्सोलो म्हणतात. कागद भिंतीवर लागला की अन्न घेऊन घरून निघायचं, अशी रीत; आज त्या कागदाआधीच आल्या होत्या.

चेंझाने ते पातेलं बघितलं आणि तिचा ताबा सुटला.

"आता? आता आणलंत? तेव्हा कुठे होतात गं सगळ्या? माझ्या आईचा पोरगा मातीखाली, आणि तिने त्या दिवशी स्वतःच्या हाताने चूल पेटवली! का? तर धुराडं थंड दिसलं तर तुम्हाला संशय येईल! रडत रडत शेवया शिजवल्या तिने, आणि आम्हाला बसून खायला लावल्या! बापाने खाल्ल्या, मी खाल्ल्या! तुमच्यासाठी! तुमच्या नजरेसाठी!"

बाकीच्या खाली बघायला लागल्या. कोंचेत्ता मात्र तिच्याकडेच बघत होती.

"मी पाहिला होता तो धूर," ती म्हणाली.

"काय?"

"पाहिला होता. तुझी आई सकाळी कधी चूल पेटवायची नाही. त्या दिवशी उजाडल्यापासून संध्याकाळपर्यंत धूर. एवढं कोण शिजवतं, चेंझा? माझ्या सासूने खिडकी लावली आणि म्हणाली, कांदेखाऊंकडे कोणीतरी गेलं. तेव्हाच कळलं."

"तुम्हाला माहीत होतं."

"सगळ्या गल्लीला माहीत होतं."

"आणि तुम्ही..." एवढी वर्षं चेंझा जे गुपित दातांखाली धरून होती ते गल्लीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात बसून जेवलं होतं. "सगळ्यांनी मिळून त्याला जर्मनीला पाठवलंत!"

"तुझ्या आईला तेच हवं होतं. दिवसभर घाम गाळून तिने आम्हाला दाखवलं की घरात कोणी मेलेलं नाही. आम्ही विश्वास ठेवल्यासारखं केलं. दुसरं काय देता आलं असतं तिला?" कोंचेत्ताने पातेलं एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतलं. "चुकलं असेल. रागव. उभं राहून ऐकते मी. पण हे पातेलं जड आहे गं, बये, आणि माझे हात आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

चेंझा दारात आडवी उभी होती. तिला कोणालाच क्षमा करायची नव्हती, बापाला नाही, ग्रुंडमानला नाही, या काळं नेसलेल्या पाच बायांना तर मुळीच नाही. मागे शेगडीवर हरभरा रटरटत होता, त्याचा वास बाहेरपर्यंत येत होता, आणि बायांनाही तो येत असणारच.

ती वळली, आत गेली आणि गॅस बंद केला.